दोन-चारचा हात

ये इकडे, जवळ ये. फोन कानाले नाई, डोळ्याले लाव अन् नीट वाच. सातवीच्या पुढची शाळा मी पाह्यली नाई, म्हणून जशी बोलते तशीच लिहून राह्यली; हसायचं असन तं आताच हसून घे. पण परवाच्या व्हिडिओ कॉलवर तू जे केलं ते मी पोटात ठेवणार नाई. पह्यले तं तुझे हात. दोन्ही भुंडे! एका मनगटावर ते काळं घड्याळ, तलाठी ऑफिसातल्या बाबूसारखं. बांगडीवालीची भाची तू, पुण्यात जाऊन असे हात घेऊन फिरते? बरं, तेही सोडून देलं मी. गुडघ्याले पट्टा बांधून बसली होती मी, तुले तो पट्टा साफ दिसत होता, अन् तू पह्यले विचारलं काय? "आत्या, ती समोरची कशी आहे वो? तिचं दुकान बंद काऊन दिसून राह्यलं?"

माझ्या गुडघ्याच्या आंधी तिचं दुकान!

आता तूच विषय काढला, तं पुरं ऐक. अर्ध्यात उठायचं नाई. यात तुझंही एक आहे, जे तुले वाटते आत्याले मालूमच नाई.

आपल्या घरात बांगड्यांचा धंदा पिढ्यांचा. माझे आजेसासरे डोक्यावर पेटी घेऊन वणा नदीच्या अलीकडची-पलीकडची गावं पायी फिरत. मी लग्न होऊन हिंगणघाटले आली तेव्हा सासूबाईंनं मले पह्यले चूल नाई शिकवली, दुसऱ्या बाईचा हात कसा धरायचा ते शिकवलं. अन् ही समोरची? पवनारकडची, धाम नदीच्या काठी वांगे-टमाटर लावणाऱ्या घरची. नवऱ्यासंग इथं आली, आठवडी बाजारात भाजी मांडायची. एक दिवस काय मनात आलं कोण जाणे, माझ्या दुकानासमोरच्या सायकलवाल्याची जागा भाड्यानं घेतली अन् बांगड्या मांडल्या. भरायला शिकली कोणापाशी? कोणापाशीच नाई. आपल्याच हातात घालून-घालून, फोडून-फोडून शिकली. मी सासूबाईंले म्हटलं होतं, चार महिने टिकली तं खूप झालं. एकोणीस वर्षं बसली ती, माझ्या नाकासमोर.

नाव मी तिचं कधी घेतलं नाई. ती माझी समोरची, अन् मी तिची समोरची. गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा समोर पाहून येते," अन् मले कळून जायचं का ही आता परत येत नाई.

भाजीवालीची सवय तिची शेवटपर्यंत गेली नाई. सकाळी दुकान उघडलं का बांगड्यांवर पाणी शिंपडायची. काचेवर, बाप्पा! एकदा मले राहवलं नाई, मी इकडून ओरडली, "काय वो, सुकून राह्यल्या का?" तं म्हणे, "ताज्या दिसतात." बसायले भाजीचं प्लास्टिकचं क्रेट, उलटं करून, गादी गिऱ्हाईकाले. अन् वरून द्यायची रीत. पाव किलो वांग्यावर मूठभर सांबार टाकतात नं, तुमच्या पुण्यात कोथिंबीर म्हणतात त्याले, तशी डझनावर एक बांगडी वरून. बारा घेतल्या का तेरावी फुकट. हातात ठेवताना म्हणायची, "हा सांबार." मंग बायाही त्या तेराव्या बांगडीले सांबारच म्हणायले लागल्या. माझ्या दुकानात येऊन विचारायच्या, "तुमच्याकडे सांबार नाई का वो?" माझं डोकंच फिरायचं.

माझ्या दुकानात तुझ्या काकांनं पाटी रंगवून घेतली होती, लाल अक्षरात, 'एकच भाव'. तिच्याकडे पाटी नव्हती, अन् भावही नव्हता. म्हणजे होता, पण तो माल उचलल्यावर नाई, हात धरल्यावर निघायचा. पह्यले हात घ्यायची, सांधे दाबायची, अंगठा आत मुडपून पाहायची, अन् विचारायची, "कुठून आली माय? परत कशानं जाणार?" बसनं, ऑटोनं, का कोणाच्या गाडीवर, ते पुरं ऐकायची. मंग भाव. तोच डझन एकीले पन्नास, दुसरीले सत्तर.

एकदा खेड्यावरच्या दोघी जावा एकाच दिवशी वेगवेगळ्या येऊन गेल्या. बसस्टँडवर दोघींनं भाव जुळवून पाह्यला अन् आल्या उन्हातान्हाच्या परत. मोठी जाऊ कमरेवर हात ठेवून उभी. "मले सत्तर अन् हिले पन्नास? काऊन वो?" मी तं चहा सोडून उठली, म्हटलं आज चांगलं भांडण पाहायले भेटते. समोरची क्रेटावरून हललीही नाई. म्हणे, "तू दिराच्या मोटरसायकलवर आली. हिले बसनं जायचं आहे, कडेवर लेकरू आहे. वीस रुपये हिच्या तिकिटाचे सोडले. तुले पायजे असन तं मोटरसायकल वापस पाठव, तुलेही सोडते." मोठी जाऊ, काय सांगू, हसायलेच लागली. त्या दोघी मंग दर सणाले तिच्याकडेच. माझा चहा थंड झाला तो झालाच.

तिचं म्हणणं असं होतं का बाईच्या पर्समधले सगळे पैसे काढले तं ती घरी पोहोचेपर्यंत आपल्याले शिव्या देत जाते. तिकिटाचे सोडले तं पुरा रस्ता आपला हात पाहत जाते.

हे सगळं मले कसं मालूम, विचारशीन. बांगडीच्या दुकानात आरसा लागतेच. माझा आरसा मी गिऱ्हाईकासाठी नाई, तिच्यासाठी लावला होता, जरासा तिरपा. बसल्या जागेवरून तिची पायरी दिसायची, पायरीवरच्या चपला दिसायच्या, गादीही दिसायची. गिऱ्हाईक मले म्हणायचं, "आरसा सरळ करा नं, तोंड अर्धंच दिसून राह्यलं." मी म्हणायची, खिळाच तसा आहे.

त्याच आरशात पाह्यलं का एका साहेबाची बायको गाडीतून उतरली. गाडी चांगली मोठी, अंगभर दागिना. समोरचीनं तिचा हात धरला अन् सोडून देला. "आज नाई. हात ताठ आहे, रागात आहे तू. राग गेल्यावर येजो." गाडीतून आलेलं गिऱ्हाईक वापस पाठवलं! मी मनात म्हटलं, झालं, आता ही माझ्याकडे येते. पदर नीट केला, गादी झटकली. बाई गाडीत बसून निघून गेली. चार दिवसांनं परत आली, समोरच, अन् तीन डझन भरून गेली.

वेचणीच्या दिवसात तं पाहूच नोको. कापूस वेचणाऱ्या बायांचे हात बोंडानं चिरलेले असतात, बांगडी जवळ नेली तरी कळवळतात. मी त्याहिले सांगायची, हात बरे झाले का या. ती बसवून ठेवायची. खोबऱ्याचं तेल लावून द्यायची अन् आपली दुसऱ्या कामाले लागायची, तासभरानं भरायची. तासभर त्या बाया तिच्या पायरीवर बसून राहात, अन् रस्त्यानं जाणारा पाहायचा का इथं किती गर्दी आहे. तेल लावायचं मलेही सुचलं असतं. पण तिनं केल्यावर कसं करणार?

अन् मंग तो फोनचा खेळ.

उन्हाळ्यात आपला बाजार दुपारी कसा असते तुले माहीत आहे, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाई. दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी समोरून आवाज आला. "नाई बापा, एवढ्यात नाई परवडत. तू सांग नं, किती आहे तुझ्याजवळ?" मी आरशात पाह्यलं. पायरीवर चप्पल नाई, गादीवर माणूस नाई, अन् भाव चालू! एवढ्या उन्हात हिले गिऱ्हाईक भेटते कुठून? शंभराचे सुट्टे मागायचं निमित्त केलं, पदर डोक्यावर घेतला अन् रस्ता ओलांडला.

फोनसंग भाव करून राह्यली होती! तिच्या जावयानं आपला जुना फोन देलता, त्यात तो खेळ पह्यलेपासूनच होता. खेळात एक गाव, कौलारू घरं, अन् गावात आपलं एक दुकान. फळीवर माल मांडायचा. तलवारी, ढाली, औषधाच्या बाटल्या, सफरचंदं, अंगठ्या. गिऱ्हाईक येते, एक वस्तू उचलते अन् काउंटरसमोर उभं राहते. आपण भाव टाकायचा. पटला तं घेते. नाई पटला तं तोंड वाकडं करते, एक मौका अजून देते, मंग चालतं होते. अन् बरोबर त्याच्या मनातला भाव टाकला, तं त्याच्या डोक्यावर गुलाबी दिल येते. असं दिल भरत गेलं का ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी जास्त पैसे घेऊन येते. दर सातव्या दिवशी घरमालकीण येते भाड्याले. भाडं नाई जमलं तं दुकान गेलं.

सगळं इंग्रजीत. तिले तं मराठीही अक्षरं जोडून-जोडून वाचावं लागायचं, आकडे तेवढे पक्के. पण तिले वाचायले कायले लागते! ती तोंडं वाचायची. एक टकला शिपाई, एक शेपटीवाली पोरगी, एक टोपलीवाली म्हातारी. "हा टकला पाह्य, घरी भांडून आला आज. आज याले कमीत देते, उद्या तोच दुप्पट नेईन." म्हातारीले तं औषधाची बाटली तोट्यात देली. मी म्हटलं, "येडी आहे का तू? मशीन आहे ते." तं म्हणे, "मशीन असन. पण म्हातारी पायीच आली नं?"

सुट्टे मागायचं राहूनच गेलं. हसत-हसत वापस यायले पायजे होती मी. पण तिच्या त्या फोनातल्या दुकानाले दुसरा मजला होता. लाल गालिचा होता. दारात गिऱ्हाईकांची लाइन होती, सगळ्यांच्या डोक्यावर गुलाबी दिलं. खऱ्या बाजारात तं मी जळतच होती, त्या दिवसापासून खोट्या बाजारातही जळायले लागली.

तूच टाकून देलता मले तो खेळ, आठवते? लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीले आलती तू. मी म्हटलं, पोरी, टाइमपासले काई टाकून दे, ते दुकानाचं असते ते. तू हसली. म्हणे, "आत्या, दिवसभर दुकान अन् मंग फोनातही दुकान?" तुले काय सांगणार होती मी काऊन ते!

मी तिथंही एकच भाव लावला. खरेदीवर वाजवी नफा, सगळ्यांले सारखा. सातव्या दिवशी घरमालकीण आली अन् दुकान गेलं. दुसऱ्या वेळी चिडून भाव चढवले. ती शेपटीवाली तोंड वाकडं करून गेली ते परत फिरकलीच नाई. तिसऱ्या वेळी भाव इतके पाडले का सगळे हसत-हसत घेऊन गेले, अन् भाड्याले पैसे नाई. तीन दुकानं गेली माझी. कोणाले सांगितलं नाई. खऱ्या दुकानात बसून खोट्या दुकानासाठी डोळ्यात पाणी आलं, अन् नेमकी तेव्हाच एक बाई चढली पायरी. मी म्हटलं, धूळ गेली वो डोळ्यात.

शेवटी लाज सोडून तिलेच विचारलं. सरळ कशी विचारणार? म्हटलं, "माझी भाची खेळते तुझ्यासारखाच खेळ. तिचं दुकान सारखं बुडते. काऊन बुडत असन?"

तिनं फोनवरची नजर काढली अन् माझ्याकडे पाह्यलं. "तुझी भाची फळीकडे पाहत असन. तिले सांगजो, माल सोड, समोरच्याच्या तोंडाकडे पाह्य." अन् म्हणे, "पण तुझी भाची तशी नाई. तिचा हात मी धरला आहे."

आता आलं तुझं.

तुझं लग्न इथल्याच हॉलात होतं, म्हणून नाचणगावहून तुम्ही सगळे आंधीच माझ्या घरी उतरलते. चुडा मी भरला. दुसरं कोण भरणार? तुझ्या बारशाले काळ्या मण्यांच्या मनगट्या मीच घातलत्या. हिरव्या बांगड्या काढल्या, दोन-सहाच्या. मापाचं तुले माहीत असन, तरी सांगते. दोन-चार लहान, दोन-सहा त्याहून मोठी, दोन-आठ अजून मोठी. हात दोन-चारचा असला तरी मी एक माप मोठंच घेत आली. सासूबाईंनं तसंच शिकवलं. भरता-भरता बांगडी फुटली तं तिचा पैसा गिऱ्हाईकापासून घ्यायचा नाई, ते नुकसान भरणारीचं; पिढ्यांची रीत आहे ती, मोडता येत नाई. मंग नुकसान वाचवायचं तं एक माप वर जायचं. झटकन जाते, फुटत नाई. नवरीच्या चुड्यात तं फुटूच देऊ नये म्हणतात. वर्षाले चार बांगड्या नसत फुटत माझ्या हातून. त्याचा गर्व होता मले.

तू म्हणाली, "आत्या, ढिल्या वाटून राह्यल्या." मी म्हटलं, "लग्नानंतर हात भरते, बसतात मंग." हात वर केला का कोपराकडे धावायच्या, खाली केला का बोटांवर यायच्या.

दुसऱ्या दिवशी तू मेंदीचे कोन आणायले म्हणून निघाली. मी दुकानात होती. आरशात पाह्यलं, समोरच्या पायरीवर तुझी मोत्याची चप्पल.

पुरं पाह्यलं मी, पोरी. माझा चुडा तिनं एक-एक करून उतरवला. एकही फुटू देली नाई, दोरीत ओवून बाजूले ठेवला. तुझा हात मांडीवर घेतला, तेल लावलं, अन् डोळे मिटले. ती डोळे मिटूनच भरायची. दोन-चारच्या चढवायले लागली. कट. एक फुटली. रस्त्यापलीकडून ऐकू आलं मले. कट. दुसरी. सात फुटल्या. फुटली का तुकडे बाजूच्या डब्यात टाकायची अन् दुसरी घ्यायची, जसं काई झालंच नाई. अन् तू? हसून राह्यली होती! चुड्याच्या सात बांगड्या फुटल्या अन् नवरी हसून राह्यली. काय म्हणत होती ती तुले, ते नंतर तिनंच मले सांगितलं. "माझ्या हातून फुटल्या माय, तुझ्या नाई. तुझं काई गेलं नाई."

घरी आली तेव्हा तू कुर्त्याच्या बाह्या खाली ओढून घेतलत्या. जेवताना त्या वर सरकल्या. बांगड्या मनगटावर अशा बसल्या होत्या, जशा काई हातासंगच मोठ्या झाल्या. माझ्या नणंदा म्हणायले लागल्या, "काय चुडा भरला वो वहिनी तुम्ही!" अन् मी म्हटलं, "मंग!"

तू माझ्याकडे पाह्यलं. मी वरणाकडे पाह्यलं.

तीन वर्षं झाली त्याले. तू बोलली नाई, मी बोलली नाई. आज लिहून टाकलं.

आता तिचं दुकान बंद काऊन, ते सांगते. यंदा संक्रांतीच्या दिवसात तिचा उजवा अंगठा वळेनासा झाला. बांगडी भरणं म्हणजे सगळा अंगठ्याचा जोर. आरशात दिसायचं मले; हात धरायची, डोळे मिटायची, अन् तशीच थांबायची. बाया थोडा वेळ वाट पाहायच्या अन् उठून माझ्याकडे यायच्या. खोटं नाई सांगत, मले आनंद झाला. खाज सुटल्यावर खाजवल्यासारखा आनंद. तीन-चार दिवस मी पोटभर जेवली.

मंग एका दुपारी ती आली. एकोणीस वर्षांत पह्यल्यांदा रस्ता ओलांडून माझी पायरी चढली. गिऱ्हाईकाच्या गादीवर बसली अन् हात पुढं केला. "भर."

"काय भरू?"

"बांगड्या विकते का भजे? भर नं. दुकान सोडलं मी. उद्या नागपूरले चालली लेकीकडे. रिकाम्या हातानं जाऊ?"

मी हात धरला. शेतातल्या बाईचा हात, रुंद, सांधे मोठे. अन् अंगठ्याच्या बुडाशी, तळहातावर पांढऱ्या रेघाच रेघा, काचेनं कापलेल्या. मोजता येणार नाई एवढ्या. माझ्या हातावर अशी एक नाई. तू पाह्यला आहे माझा हात, भिजवलेल्या कणकेसारखा. बांगड्या वाचवल्या मी इतकी वर्षं, का आपला हात वाचवला, त्या वक्ती मले काई समजेना.

सवयीनं दोन-आठचा डबा ओढला. डब्याकडे पाह्यलं तिनं, अन् मंग वर पाटीकडे. मले लाज वाटली, अन् त्याहून जास्त राग आला. डबा मागं सारून दोन-सहाचा काढला. पह्यली गेली. दुसरी कट. तिसरी कट. माझ्याच तळहातात काच घुसली. मी हात मागं घेतला, तं तिनं माझा अंगठा धरला, आपल्या त्या न वळणाऱ्या अंगठ्यानं.

"दाबून काऊन राह्यली? कणीक आहे का? हा सांधा पह्यले इकडून मोड, मंग तिकडून. बांगडी आपली येते."

गिऱ्हाईक मले शिकवून राह्यलं! पिढीजात दुकानात, भाजीवाली! पण शिकली मी, काय करू. पाच फुटल्या, बारा गेल्या. अन् बसल्या कशा म्हणशीन, तुझ्या बसल्या होत्या तशा.

"किती झाले?" तिनं विचारलं.

पाटीवरचा भाव माझ्या ओठावर आलता, साठ. पण मी थांबली. "नागपूरले कशानं जाणार?"

ती एवढ्या जोरानं हसली, रस्त्यावरचे लोक थांबून पाहायले लागले. "जावई येऊन राह्यला गाडी घेऊन. एसीची!"

"मंग ऐंशी."

"आता बसली तू दुकानात," म्हणे. ऐंशी देले, एक रुपया कमी केला नाई. अन् सांबार मागितला. द्यावा लागला.

पायरी उतरताना वळली. मले वाटलं, जाता-जाता काई चांगलं बोलते. म्हणे, "तुझी भाची आली तं दोन-चारच घेजो. अन् डावा हात आंधी भरजो. डावा जरासा मोठा आहे तिचा, डावखुरी आहे नं ती."

पोरी, पाटीवर पह्यलं अक्षर तू डाव्या हातानं काढलं ते माझ्या मांडीवर बसून. डाव्या हातानं जेवली म्हणून तुझी आई मारायची तेव्हा मधात कोण पडायचं? अन् तुझा डावा हात मोठा आहे, हे मले समोरचीनं सांगावं!

तिच्या बाया आता माझ्याकडेच येतात. मनात होतं तसंच झालं. पण येतात अन् सांगतात, त्या बाई डोळे मिटून भरायच्या. मीही मिटून पाह्यले एकदा, तं गिऱ्हाईक म्हणे, "झोप आली का वो?" पाटी काढली नाई, तिच्यावर कॅलेंडर टांगलं. सांबार द्यावाच लागते. आरशात दिसते तं नुसतं शटर. तरी खिळा तसाच आहे. सरळ करायचा जीव होत नाई. अन् खेळात माझं चौथं दुकान चालू आहे. टकल्याचं दिल अर्धं भरलं. तिनं नागपूरहून मुद्दाम फोन करून सांगितलं का तिच्या दुकानाले तिसरा मजला झाला. गुडघ्याचं तिनंही नाई विचारलं.

तं कशी आहे म्हणून विचारलं होतं नं तू? चांगली आहे. अंगठा वळत नाई, जीभ वळते.

आता तू सांग, कधी येते. दोन-चारच्या हिरव्या दोन डझन काढून ठेवल्या आहेत, खोबऱ्याचं तेलही आणून ठेवलं. डावा हात आंधी भरीन. फुटल्या तं फुटू दे, माझ्या हातून फुटतीन, तुझं काई जाणार नाई. पण हात असेच मोकळे घेऊन येजो. अन् एक ऐक, पुण्याची गाडी पुढं नागपूरले जाते. तू जाऊ नोको. वर्ध्यालेच उतरजो, तिथून हिंगणघाटची बस आहे. लवकर येजो.